सिलिंडरवर शिक्का आहे, आतल्या हवेचे काय?

१४ एप्रिल हा दिवस आपल्या घरात कोणाला आठवण करून द्यावा लागत नाही. त्याच दिवशी अग्निशमन केंद्रांवर आणखी एक कार्यक्रम होतो, त्याकडे मात्र आपले फारसे लक्ष जात नाही. जवान रांगेत उभे राहतात आणि कर्तव्य बजावताना गेलेल्या सहकाऱ्यांना मानवंदना देतात. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकीन' नावाचे जहाज पेटले. जहाजात कापसाच्या गासड्या होत्या आणि युद्धासाठी आणलेला दारूगोळाही होता. आग विझवायला गेलेले अग्निशमन दलाचे ६६ जण त्या स्फोटांत ठार झाले. त्यांच्या स्मरणार्थ दरवर्षी १४ ते २० एप्रिल हा अग्निशमन सेवा सप्ताह देशभर पाळतात.

त्या वेळी बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळत होते. गोदीतल्या स्फोटाच्या चारच महिने आधी, डिसेंबर १९४३ मध्ये, त्यांनी झरियाच्या कोळसा खाणींना भेट दिली आणि स्वतः खाणीत उतरून कामगारांची स्थिती पाहिली. कामगार जिथे राबतो तिथली परिस्थिती कागदावरून कळत नाही, जागेवर जाऊन पाहावी लागते, हा धडा त्यात आहे.

आज आपल्या समाजातील शेकडो मुले फायरमनचा कोर्स करीत आहेत. कोणी महानगरपालिकेत, कोणी कारखान्यात, कोणी विमानतळावर नोकरीच्या प्रयत्नात आहे. कोणाचा बाप कोळसा खाणीत आहे, कोणाचा भाऊ सफाई कामात. ही माणसे जी हवा श्वासात घेतात ती कोणी तपासली आहे काय, एवढा एकच प्रश्न या लेखात विचारायचा आहे.

पाठीवर असतो तो ऑक्सिजन नव्हे

आग लागल्यावर माणूस ज्वाळांपेक्षा धुराने अधिक मरतो. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडारा जिल्हा रुग्णालयातील नवजात बालकांच्या कक्षात आग लागली आणि दहा कोवळे जीव गेले. त्यांतील बहुतेकांचा जीव गुदमरून गेला, असे तेव्हा सांगण्यात आले. म्हणून फायरमन धुरात शिरतो तेव्हा पाठीवर सिलिंडर आणि तोंडावर मास्क लावून शिरतो. दलात त्याला 'बी.ए. सेट' म्हणतात.

वर्तमानपत्रांत या सिलिंडरला हमखास 'ऑक्सिजन सिलिंडर' म्हटले जाते. कोरोनाच्या काळात आपण सर्वांनी ऑक्सिजनसाठी धावपळ केली, त्यामुळे तो शब्द तोंडात बसला आहे. पण काळ्या अंगाचा आणि पांढऱ्या खांद्याचा दवाखान्यातला सिलिंडर वेगळा आणि फायरमनच्या पाठीवरचा वेगळा. फायरमनच्या सिलिंडरमध्ये आपल्या अंगणातलीच हवा दाबून भरलेली असते. तिच्यात सुमारे २१ टक्के ऑक्सिजन आणि ७८ टक्के नायट्रोजन असतो. ऑक्सिजन जळत नाही, पण जळणाऱ्या वस्तूला भडकवतो. आगीजवळ शुद्ध ऑक्सिजन घेऊन जाणे म्हणजे आगीत तेल ओतणे.

समुद्रात स्कुबा डायव्हिंग करणाऱ्याच्या पाठीवरही साधारणपणे हवाच असते. शुद्ध ऑक्सिजन घेऊन सुमारे सहा मीटरपेक्षा खोल गेल्यास दाबामुळे तो मेंदूला बाधतो आणि माणसाला झटके येऊ शकतात. म्हणजे फायरमन असो की पाणबुड्या, दोघेही कॉम्प्रेसरने भरलेल्या साध्या हवेवर जगतात. ती हवा चांगली असेल तर जीव वाचतो. ती खराब असेल तर मास्क चढवूनही उपयोग नाही, कारण मग विष मास्कच्या आतून येते.

अठराशे लिटरचा हिशेब

मी बी.कॉम. झालेला कारकून. वायूंचे शास्त्र मला कोणी शिकवले नाही, पण हिशेब येतो. सहा लिटरचा सिलिंडर घ्या. त्यात ३०० बार दाबाने हवा भरतात. मोटारीच्या चाकात साधारण २ बार दाब असतो, त्याच्या दीडशेपट हा दाब झाला. सहा गुणिले तीनशे म्हणजे साधारण १,८०० लिटर हवा त्या एका सिलिंडरमध्ये कोंबली जाते. शिडी चढताना, पाइप ओढताना फायरमनला मिनिटाला सुमारे ४० लिटर हवा लागते. म्हणजे तो सिलिंडर ४५ मिनिटे पुरतो. हवा सुमारे ५० बारवर आली की शिट्टी वाजते आणि त्याने बाहेर निघायचे असते. प्रत्यक्ष काम करायला त्याहूनही कमी वेळ मिळतो.

आता याच हिशेबाची दुसरी बाजू पाहा. कॉम्प्रेसरने ती १,८०० लिटर हवा कोठून तरी ओढली. ओढणारा पाइप जनरेटरच्या धुराड्याजवळ असेल तर धुरासकट हवा सिलिंडरमध्ये गेली. रस्त्याच्या कडेला उभ्या ट्रकचे इंजिन सुरू असेल तर तो धूरही गेला. आगीच्या जागेवरच गाडीतील कॉम्प्रेसरने सिलिंडर भरत असतील आणि वारा फिरला, तर ज्या धुरापासून वाचायचे तोच धूर सिलिंडरमध्ये भरला जातो. कॉम्प्रेसर हवा दाबतो, ती आपोआप शुद्ध करीत नाही. शुद्ध करण्याचे काम त्याला जोडलेल्या फिल्टरचे असते आणि फिल्टरलाही आयुष्य असते.

पंक्चरच्या दुकानातील कॉम्प्रेसर आपण सर्वांनी पाहिला आहे. त्याच्या टाकीच्या खालची चकती उघडली की दुधासारखे पांढरट पाणी बाहेर येते. ते पाणी आणि तेल यांचे मिश्रण असते. चाकाला त्याने फरक पडत नाही. फुप्फुसाला पडतो.

चार शत्रू

श्वासासाठीच्या दाबलेल्या हवेत काय किती असावे, यासाठी जगात नियम ठरलेले आहेत. युरोपात ईएन १२०२१ हे मानक आहे. आपल्याकडच्या कॉम्प्रेसर खरेदीच्या निविदांतही हा क्रमांक दिसतो. अमेरिकेतील अग्निशमन दलांसाठी एनएफपीए १९८९ या नावाने मानक तयार झाले. आपल्या भारतीय मानकांत श्वसनयंत्रांसाठी आयएस १०२४५ आहे. आकडे थोडेफार वेगळे असले तरी शत्रू सगळीकडे तेच चार आहेत.

पहिला शत्रू कार्बन मोनॉक्साइड. याला रंग नाही, वास नाही, चव नाही. रक्तातील हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्टपणे या वायूला धरून ठेवते. त्यामुळे छातीत हवा जात असूनही शरीराला ऑक्सिजन मिळत नाही. आधी डोके जड होते, मळमळते, पाय लटपटतात, विचार सुचत नाही आणि मग शुद्ध हरपते. २०१४ च्या युरोपीय मानकाप्रमाणे हवेच्या दहा लाख भागांत याचे ५ भागांपेक्षा अधिक प्रमाण चालत नाही. आधीच्या आवृत्तीत ही मर्यादा १५ होती, ती तिसऱ्या हिश्शावर आणली. अमेरिकेतही अग्निशमनासाठी मर्यादा ५ चीच आहे.

हा वायू बाहेरच्या धुरातून येतोच, पण कॉम्प्रेसरच्या पोटातही तयार होऊ शकतो. यंत्र फार तापले, चुकीचे तेल टाकले किंवा तेल जुने झाले की ते आतच करपते आणि त्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. म्हणजे बाहेरची हवा स्वच्छ असूनही सिलिंडर दूषित होऊ शकतो.

दुसरा शत्रू कार्बन डायऑक्साइड. युरोपीय मर्यादा दहा लाखांत ५०० भाग आहे. आता गंमत अशी की, मोकळ्या हवेतच आज त्याचे प्रमाण ४२० च्या वर गेले आहे. म्हणजे वाव फार थोडा उरला. बंद खोलीत कॉम्प्रेसर ठेवला आणि आत चार माणसे गप्पा मारीत बसली तरी ही मर्यादा ओलांडली जाते. हा वायू वाढला की श्वास जलद होतो आणि ४५ मिनिटांचा सिलिंडर लवकर संपतो.

तिसरा शत्रू तेल. एका घनमीटर हवेत अर्ध्या मिलिग्रॅमपेक्षा अधिक तेल नको, असे युरोपीय मानक सांगते. तेलाचे बारीक कण फुप्फुसात साचले तर न्यूमोनियासारखा आजार होतो. हवेला तेलकट वास आला तर ती खराब आहेच. पण वास आला नाही म्हणून ती चांगली, असे मात्र म्हणता येत नाही, कारण पहिल्या शत्रूला वासच नाही.

चौथा शत्रू पाणी. पाण्याने काय बिघडणार, असे कोणालाही वाटेल. पण दाबलेली हवा बाहेर पडताना एकदम थंड होते. तिच्यात बाष्प असेल तर झडपेत बर्फ धरून हवेचा मार्ग अडू शकतो. शिवाय ओलाव्याने लोखंडी सिलिंडर आतून गंजतो. गंजताना लोखंड ऑक्सिजन खाते. ओलसर सिलिंडर भरून महिनोन्‌महिने तसाच पडून राहिला तर आतल्या हवेतला ऑक्सिजन कमी होतो. काटा दाब पूर्ण दाखवतो आणि हवा मात्र जीव जगवण्याच्या लायकीची राहत नाही. ऑक्सिजन २० ते २२ टक्क्यांच्या मधे आहे की नाही हे म्हणूनच मोजायचे असते.

फिल्टरमध्ये या शत्रूंसाठी थर असतात. एक थर ओलावा शोषतो. दुसरा कोळशाचा थर तेलाची वाफ आणि वास धरतो. तिसरा थर 'हॉप्कलाइट' नावाच्या मिश्रणाचा असतो. पहिल्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स आणि कॅलिफोर्निया या दोन विद्यापीठांत ते तयार झाले आणि दोघांच्या नावांवरून त्याचे नाव पडले. त्यातला मुख्य पदार्थ मँगनीज डायऑक्साइड. त्याचे खनिज आपल्या भंडारा जिल्ह्यातील डोंगरी बुजुर्गच्या खाणीत निघते. हॉप्कलाइट कार्बन मोनॉक्साइडचे कार्बन डायऑक्साइडमध्ये रूपांतर करते, पण ओले झाले की निकामी होते. म्हणजे ओलावा धरणारा थर भरून गेला की विष अडवणारा थरही बसला.

येथे आपल्या नागपूरच्या उन्हाळ्याचा संबंध येतो. ४० अंशांवरची हवा २० अंशांवरच्या हवेच्या जवळजवळ तिप्पट बाष्प धरू शकते. दाबल्यावर हवा बाष्पाने पूर्ण भरलेलीच असते. त्यामुळे थंड प्रदेशात जो फिल्टर ठरावीक तास चालतो, तो आपल्या मे महिन्यात त्याच्या निम्मेही तास चालणार नाही. परदेशी पुस्तिकेतला आकडा पाहून इकडे फिल्टर बदलणे म्हणजे दुसऱ्याच्या पत्रिकेवर आपले लग्न लावणे.

पाण्याखाली विष वाढते

आता शाळा-कॉलेजच्या सहली आणि कुटुंबेही कोकणात जातात. मालवण, तारकर्ली येथे स्कुबा डायव्हिंग करून मुले फोटो दाखवतात. तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची स्कुबा डायव्हिंगचे शिक्षण देणारी संस्थाही आहे. मुलांनी जावे, समुद्र पाहावा, आनंदच आहे. पण एक गोष्ट आईवडिलांना माहीत असावी.

पाण्यात दर दहा मीटर खोलीला हवेच्या दाबात एका वातावरणाची भर पडते. दहा मीटरवर दुप्पट, वीस मीटरवर तिप्पट. जमिनीवर जे विष दहा भाग आहे ते वीस मीटरवर शरीराला तीस भागांसारखे बाधते. त्यातही फसवी गोष्ट अशी की, खोलवर ऑक्सिजनचाही दाब वाढलेला असल्यामुळे त्रास पटकन जाणवत नाही. माणूस वर येऊ लागतो, ऑक्सिजनचा दाब घटतो, कार्बन मोनॉक्साइड मात्र रक्ताला चिकटलेलाच असतो. मग वर येता येता शुद्ध जाते. जमिनीवर शुद्ध हरपली तर कोणी उचलते. पाण्यात बुडून मृत्यू झाला असे लिहिले जाते आणि सिलिंडरकडे कोणी बघत नाही.

आगीचा फायरमन, खाणीतला कामगार आणि पाण्यातला पाणबुड्या यांचा प्रश्न एकच आहे हे ओळखणाऱ्यांत जॉन स्कॉट हाल्डेन हे ब्रिटिश शास्त्रज्ञ होते. खाणीत स्फोट झाल्यावर कामगार भाजून मरतात असे मानले जाई. बहुतेक मृत्यू स्फोटानंतर पसरणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडने होतात, हे त्यांनी १८९६ मध्ये दाखवून दिले. खाणीत छोटा कॅनरी पक्षी नेण्याची पद्धतही त्यांच्यामुळे पडली. पक्षी जलद श्वास घेतो, म्हणून माणसाच्या आधी तो कोसळतो. पाणबुड्यांनी वर किती सावकाश यावे याची कोष्टकेही पुढे १९०८ मध्ये त्यांनीच मांडली. आपल्या देशातही २५ जानेवारी १९९४ रोजी पश्चिम बंगालमधील न्यू केंदा खाणीत आग लागून ५५ कामगार गेले, ते विषारी वायूने गेले.

आज कॅनरी पक्षी लागत नाही. काचेच्या नळीतून हवा सोडली की रंग बदलून प्रमाण कळते. इलेक्ट्रॉनिक यंत्रेही आहेत. उपाय नाही म्हणून कोणाचा जीव जावा, असा काळ राहिलेला नाही.

नागपूरची दुहेरी जबाबदारी

या विषयात नागपूरचे स्थान मोठे आहे. देशभरातील अग्निशमन अधिकाऱ्यांना घडवणारे राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय १९५६ मध्ये उत्तर प्रदेशातील रामपूर येथे सुरू झाले आणि १९५७ मध्ये नागपूरला आले. दुसरीकडे, देशातील वायूंच्या सिलिंडरांचे नियम अमलात आणणाऱ्या 'पेसो' या केंद्र सरकारच्या संघटनेचे मुख्यालयही आपल्याच सेमिनरी हिल्सवर आहे. जुनी माणसे त्याला 'एक्स्प्लोझिव्हचे ऑफिस' म्हणून ओळखतात. सिलिंडर कसा असावा, त्याची दाबचाचणी केव्हा व्हावी, हे गॅस सिलिंडर नियम, २०१६ मध्ये आहे. म्हणून प्रत्येक सिलिंडरच्या खांद्यावर क्रमांक, दाब आणि चाचणीची तारीख कोरलेली असते. तो शिक्का सांगतो की हे भांडे फुटणार नाही.

पण भांडे मजबूत आहे म्हणून आतले दूध चांगले असे होत नाही. आतली हवा प्रत्येक भरणीगणिक बदलते आणि तिच्यावर शिक्का मारता येत नाही. तिचा पुरावा एकाच ठिकाणी असतो, कॉम्प्रेसरच्या नोंदवहीत आणि हवा तपासणीच्या अहवालात. ब्रिटन-अमेरिकेत निदान दर तीन महिन्यांनी हवा तपासण्याची पद्धत रूढ आहे.

नोंदवही काय बोलते, याचा एक अनुभव सांगतो. आमच्या वस्तीतील एक बाई माझ्याकडे आल्या. मुलगा एका खासगी संस्थेत फायरमनचा कोर्स करीत होता. "भाऊ, पोरगं सराव करून आलं की डोकं धरून बसते. बाम लावून लावून थकली मी," असे त्या म्हणाल्या. मुलाला विचारले तेव्हा तो एवढेच म्हणाला की, मास्क लावून सराव झाला की मळमळते, पण सर म्हणतात सवय होईल. कर्ज काढून फी भरलेली, त्यामुळे तक्रार करायची त्याला भीती वाटत होती.

मुलाच्या वडिलांना घेऊन मी त्या संस्थेत गेलो. कॉम्प्रेसर मागच्या टिनाच्या शेडमध्ये होता आणि चार हातांवर जनरेटर. नोंदवही मागितली. ती देताना तेथील गृहस्थ म्हणाले, "मशीन चांगल्या कंपनीची आहे साहेब, हवा खराब कशी येईल?" वहीत तारीख, तास, फिल्टर आणि सही असे रकाने होते. पहिली दोन पाने भरलेली. पुढे फिल्टरच्या रकान्यात ओळीने 'ओके, ओके' लिहिलेले, एकाच शाईने, एकाच बैठकीत लिहिल्यासारखे. हवा तपासणीचा रकानाच नव्हता. फाइलमध्ये यंत्र खरेदीचे बिल मात्र व्यवस्थित लावलेले होते.

मुलाचे डोके हवेनेच दुखत होते काय? तपासणीच झालेली नसल्यामुळे संस्थेला 'नाही' म्हणता येईना आणि आम्हाला 'होय' म्हणता येईना. आम्ही भांडण केले नाही. दहा-बारा पालकांच्या सह्यांचा अर्ज दिला आणि त्यात तीनच मागण्या लिहिल्या. हवा ओढणारा पाइप जनरेटरपासून दूर न्या, फिल्टर बदला, हवा तपासून अहवाल फळ्यावर लावा. पंधरा दिवसांत पाइप छपरावर गेला. महिन्याने अहवालही लागला. त्या मुलाने कोर्स पूर्ण केला. एकट्या आईने विचारले असते तर तिला 'तुम्हाला काय कळते' असे उत्तर मिळाले असते. सह्यांच्या कागदाला तसे उत्तर देता येत नाही.

गटार, टाकी आणि विहीर

आता या विषयाचा सर्वांत जवळचा भाग. गटारात आणि सेप्टिक टँकमध्ये कोणाला उतरवले जाते, हे या पानाच्या वाचकाला सांगण्याची गरज नाही. २०१३ च्या कायद्याने योग्य साधनांशिवाय माणसाला गटारात उतरवणे गुन्हा ठरवले. त्याच वर्षीच्या नियमांतील साधनांच्या यादीत बाहेरून नळीने हवा पुरवणाऱ्या श्वसनयंत्राचा स्पष्ट उल्लेख आहे. २७ मार्च २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने १९९३ पासून गटारात मरण पावलेल्यांच्या कुटुंबांना १० लाख रुपये देण्याचा आदेश दिला. २० ऑक्टोबर २०२३ च्या निकालाने ही रक्कम ३० लाख झाली. पण मेल्यावरच्या तीस लाखांपेक्षा जिवंतपणीची चांगली हवा स्वस्त आहे. आणि त्याहून बरे म्हणजे माणूस उतरूच नये, यंत्र उतरावे. मास्क दिला म्हणजे माणूस उतरवण्याचा परवाना मिळाला, असे कोणी समजू नये.

काही ठेकेदार पंक्चर दुकानासारखा कॉम्प्रेसर आणून त्याची नळी खाली सोडतात. तो श्वासाचा कॉम्प्रेसर नव्हे. त्याला हे चारही शत्रू अडवणारा फिल्टर नसतो आणि त्याचे इंजिन बहुधा शेजारीच धूर ओकत असते. 'हवा देतो आहे' म्हणणे आणि श्वास घेण्याजोगी हवा देणे यांत जन्म-मरणाचे अंतर आहे.

गावाकडे विहिरीत डिझेल इंजिन उतरवून पाणी उपसतात. इंजिन बंद केल्यावरही तो धूर तळाशी रेंगाळतो. एक जण उतरतो, पडतो. त्याला काढायला दुसरा, मग तिसरा. जुने लोक आधी कंदील सोडून बघतात. कंदील विझला तर उतरू नये हे खरे, कारण ऑक्सिजन कमी आहे. पण कंदील जळत राहिला म्हणून उतरणे सुरक्षित आहे, हे खरे नव्हे. कार्बन मोनॉक्साइडने माणूस मरेल एवढे प्रमाण असतानाही कंदील जळत राहतो. गटारावर किंवा सेप्टिक टँकवर तर पेटता कंदील नेऊच नये, तेथील वायू पेट घेतो. कोणी आत पडले तर मागोमाग उतरू नका. १०१ किंवा ११२ ला फोन लावा आणि बी.ए. सेट असलेल्या माणसाची वाट पाहा.

विचारायचे पाच प्रश्न

ज्यांच्या घरातील कोणी या हवेवर काम करतो, त्यांनी खालील प्रश्न पाठ करावेत. महिला मंडळाच्या बैठकीत, विहारात तरुणांच्या सभेत ते वाचून दाखवावेत.

१) कॉम्प्रेसर हवा कोठून ओढतो? जवळ धुराडे, जनरेटर, रस्ता किंवा रंगकाम तर नाही ना?

२) फिल्टर शेवटी किती तासांनंतर बदलला आणि ते लिहून ठेवले आहे काय? उन्हाळ्याचा विचार केला आहे काय?

३) हवेची शेवटची तपासणी कोणत्या तारखेला झाली? अहवालात ऑक्सिजन, कार्बन मोनॉक्साइड, कार्बन डायऑक्साइड, तेल आणि पाणी असे पाचही आकडे आहेत काय?

४) सिलिंडरच्या खांद्यावरची चाचणीची तारीख उलटून तर गेली नाही ना? आणि हवा भरून किती दिवस झाले?

५) हवेला वास किंवा चव आली, डोके दुखले, तर मास्क काढून बाहेर येण्याची आणि तो सिलिंडर बाजूला ठेवण्याची मुभा आहे काय? की 'सवय होईल' असे सांगतात?

समुद्रावर मुलांना पाण्यात सोडण्यापूर्वी यातले पहिले आणि तिसरे विचारले तरी पुष्कळ झाले. चांगला व्यावसायिक या प्रश्नांनी चिडत नाही, अहवाल काढून दाखवतो. सरकारी किंवा महापालिकेच्या केंद्राबाबत माहिती हवी असेल तर २००५ चा माहिती अधिकार कायदा आहे. दहा रुपयांचा अर्ज करून कॉम्प्रेसरच्या हवा तपासणीच्या अहवालांच्या प्रती मागता येतात. अर्जात आरोप लिहू नका, फक्त कालावधी आणि कागदाचे नाव लिहा. अहवाल नसेल तर 'उपलब्ध नाही' असे उत्तर लेखी येईल, आणि तो कागदच पुढच्या मागणीचा आधार होईल.

फायरमन आपल्या घरात शिरतो तेव्हा तो आपली जात विचारत नाही, आपण कोण हे पाहत नाही. त्याच्या पाठीवरची हवा कशी आहे एवढे तरी आपण विचारू. तो आज कोणाचा तरी मुलगा आहे, उद्या आपला असेल.